डाग, वांग आणि मराठीच्या प्राध्यापकांचे मौन

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. द्वितीय वर्ष कला शाखेची मराठीची तोंडी परीक्षा चालू होती. एक विद्यार्थिनी ओढणी नाकापर्यंत गुंडाळून समोर येऊन बसली. उत्तरे चोख देत होती, पण मान वर करत नव्हती. बोलता बोलता ओढणी सरकली तेव्हा दिसले की तिचे दोन्ही गाल भाजल्यासारखे झाले आहेत. त्वचा कागदासारखी पातळ झाली आहे आणि तिच्याखालून रक्तवाहिन्यांचे बारीक जाळे दिसते आहे. परीक्षा आटोपल्यावर तिला थांबवून घेतले.

"अगं, हे काय लावलंस चेहऱ्याला?"

"डागांचं मलम, मॅडम. मुरमांचे डाग राहिले होते ना."

"डॉक्टरांनी दिलं होतं?"

"नाही. औषध नाही ते, मलमच आहे. मेडिकलमधून आणलं. अकरा महिने लावत होते. आता बंद केलं की आग होते, म्हणून परत लावते."

तिने पिशवीतून ट्यूब काढून दाखवली. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन अशी तीन नावे बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेली होती आणि शेजारी उभी लाल रेघ. म्हणजे एक स्टिरॉइड, एक विरंजक रसायन आणि एक त्वचेचा थर सोलवटणारे औषध. डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकू नये, असेही त्याच बारीक इंग्रजीत लिहिले होते. मराठीचा एक शब्दही नव्हता. मराठी होते ते फक्त दुकानदाराच्या तोंडी: "डाग जातात याने."

'औषध नाही, मलम आहे' हे वाक्य तेव्हापासून मनातून गेलेले नाही. मुलगी प्रथम श्रेणीतली, वाचणारी. तिने फसवणूक करून घेतली असे म्हणता येत नाही. आपल्या भाषेत जो भेद रूढ आहे त्यानुसारच ती वागली होती. पोटात जाते ते औषध आणि वरून लावायचे ते मलम. औषधाला भ्यावे, मलमाला काय भ्यायचे?

ही घटना शिक्षक-दालनात सांगितली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "बाई, मूळ प्रश्न मलमाचा नाहीच. या मुलींना स्वतःला स्वीकारायला शिकवा. डाग गेले काय आणि राहिले काय, सौंदर्य मनाचे असते." उपस्थितांनी माना डोलावल्या. चहा आला आणि विषय संपला.

प्रस्तुत लेखाचा रोख या माना डोलावण्यावर आहे. दुकानदार दोषी आहे हे सांगायला लेख लागत नाही. परंतु ज्या समाजात त्वचेविषयी बोलण्याची भाषा एकीकडे जाहिरातदाराच्या आणि दुसरीकडे उपदेशकाच्या ताब्यात आहे, त्या समाजातील भाषेचे अध्यापक स्वतःला निर्दोष समजू शकत नाहीत, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम वस्तुस्थिती साध्या मराठीत मांडतो आहोत की नाही ते पाहू, कारण मुळातच ती मांडलेली सापडत नाही. मुरूम किंवा इसब म्हणजे त्वचेतला दाह. दाह झाला की त्वचेच्या रंगपेशी चेतवल्या जातात आणि मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक प्रमाणात तयार करून आसपासच्या पेशींना देतात. दाह ओसरतो, रंग मागे राहतो. तोच डाग. तो वरच्या थरात असेल तर तपकिरी दिसतो आणि त्वचा जसजशी नवी होते तसतसा काही महिन्यांत आपोआप फिका होत जातो. दाह तीव्र असेल, किंवा मुरूम नखाने फोडला असेल, तर रंगद्रव्य खालच्या थरात झिरपते आणि तिथल्या पेशी ते गिळून बसतात. असा डाग राखाडी, निळसर दिसतो आणि त्याला जायला वर्षे लागू शकतात. त्वचा जितकी सावळी, तितका हा परिणाम अधिक आणि अधिक काळ टिकणारा. म्हणजे हा डाग अस्वच्छतेचा नाही, 'गरमी'चा नाही, वाईट आहाराचा पुरावा नाही, आणि चारित्र्याशी तर त्याचा सुतराम संबंध नाही. त्वचेने एका इजेला दिलेले ते उत्तर आहे, एवढेच.

एवढे दहा वाक्यांत सांगता येते. मग ते सांगितले का गेले नाही? इथे शब्दांच्या इतिहासाकडे वळावे लागते, आणि हे क्षेत्र तरी आपले आहे.

चेहऱ्यावरच्या काळसर चट्ट्यांना मराठीत 'वांग' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'व्यंग'पासून आलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांची जी यादी आहे तीत हे 'व्यंग' आहे. मराठीने या एका शब्दाची दोन रूपे सांभाळली: तद्भव 'वांग' त्वचेला दिले आणि तत्सम 'व्यंग' शारीरिक उणिवेला. व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण गमतीने सांगतात. परंतु "मुलीत काही व्यंग नाही ना?" असा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्याच घरातल्या मुलीच्या गालावर वांग असते, आणि हे दोन शब्द सख्खे आहेत हे भाषेला माहीत नसले तरी त्या घराला माहीत असते. त्याच सुश्रुतसंहितेत तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या पुटकुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिलेली आहे आणि नाव दिले आहे 'मुखदूषिका', म्हणजे मुख दूषित करणारी. पुढे रूढ झालेला 'तारुण्यपीटिका' हा शब्द त्या मानाने सुसंस्कृत. तो वय सांगतो, दोष देत नाही. पण तोही आता पुस्तकातच राहिला. लोक 'पिंपल' म्हणतात.

'डाग' या शब्दाची कथा तर अधिक बोलकी आहे. मराठीत डाग म्हणजे कपड्यावरचा डाग, सामानाचा नग, डागणीची खूण आणि सोन्याचा डाग, म्हणजे दागिनासुद्धा. 'डागडागिने' आपण आजही म्हणतो. मूळ अर्थ फक्त 'खूण' असावा, चांगली की वाईट हे संदर्भाने ठरावे, इतका हा शब्द मोकळा आहे. 'वस्त्राला लागलेला डाग' आणि 'नावाला लागलेला डाग' हे दोन अर्थ मात्र इतके बळावले की त्वचेवरच्या खुणेला डाग म्हटले की ती धुऊन काढायची वस्तू होऊन बसते. डाग धुतात, घासतात, उडवतात. त्वचेवरची खूण यांपैकी काहीही सहन करत नाही. घासली की दाह होतो आणि दाह झाला की नवा डाग पडतो. क्रियापदाने दिशा चुकवली, इतकेच इथे घडते. पण त्याचे पर्यवसान लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट चोळण्यात होते. मराठी नियतकालिकांच्या 'सौंदर्य सल्ला' सदरांनी हे उपाय वर्षानुवर्षे छापले आहेत. कापलेले लिंबू गालावर घासून उन्हात गेल्यास त्वचेला अक्षरशः पोळल्यासारखी इजा होऊ शकते आणि मागे अधिक गडद डाग राहू शकतो. ही माहिती मात्र त्या सदरांत क्वचितच असते.

यावर साहित्याचा अभ्यासक म्हणेल की आपल्या परंपरेत डागाचा गौरवही आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात वल्कले नेसलेल्या शकुंतलेला पाहून दुष्यंताला चंद्रावरचा डाग आठवतो आणि त्या डागानेही शोभाच वाढते असे तो म्हणतो. कुमारसंभवाच्या आरंभी हिमालयाचे वर्णन करतानाही कवी चंद्राच्या डागाचाच आधार घेतो: अनेक गुणांत एखादा दोष बुडून जातो. हे दाखले वर्गात मीही दिलेले आहेत. आता मात्र त्यांच्याकडे जरा संशयाने पाहावेसे वाटते. या दोन्ही ठिकाणी सांत्वन आहे, आणि सांत्वनात डाग हा दोष आहे हे गृहीतच आहे. चंद्र आधी शुभ्र, तेजस्वी ठरलेला आहे, म्हणून त्याला एक डाग परवडतो. ज्याला 'चंद्रमुख' कोणी म्हटलेलेच नाही त्या सावळ्या, इसबाने काळवंडलेल्या मानेच्या मुलीला या उपमेत जागा कुठे आहे? कालिदासाला दोष देण्याचा हेतू नाही. त्याच्या काव्याचे काम वेगळे होते. परंतु त्याच्या ओळी औषधोपचाराच्या जागी वापरणाऱ्या आपल्या अध्यापकीय सवयीला दोष दिलाच पाहिजे.

आता बाजाराकडे. १९७५ हे वर्ष भारतीय वाचकाला दुसऱ्या कारणाने लक्षात असते. त्वचेच्या इतिहासातही ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या एका वर्षात चार गोष्टी घडल्या.

पहिली: हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून त्वचेचे वर्ग पाडले. ते मूळ वर्गीकरण गोऱ्या त्वचेपुरते होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे वर्ग नंतर जोडले गेले. म्हणजे जगातील बहुसंख्यांची त्वचा शास्त्राच्या पट्टीवर पुरवणी म्हणून आली.

दुसरी: फिलाडेल्फियाचे आल्बर्ट क्लिगमन यांनी विलिस या सहकाऱ्यासह हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड यांचे मिश्रण प्रसिद्ध केले. निबंधाच्या शीर्षकाचा अर्थ होतो 'मानवी त्वचा विवर्ण करण्याचे नवे सूत्र'. लक्षात घ्या, 'डाग फिका करण्याचे' नव्हे, 'मानवी त्वचा विवर्ण करण्याचे'. माझ्या विद्यार्थिनीच्या पिशवीतली ट्यूब या सूत्राचीच थोड्या फरकाची आवृत्ती होती. हेच क्लिगमन १९५१ ते १९७४ या काळात होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर त्वचेचे प्रयोग करत होते, आणि ते कैदी बहुसंख्येने कृष्णवर्णीय होते. अॅलन हॉर्नब्लम यांनी १९९८ साली 'एकर्स ऑफ स्किन' या पुस्तकात तो इतिहास मांडला. फिलाडेल्फिया शहराने त्याबद्दल माफी मागितली ती २०२२ साली.

तिसरी: दक्षिण आफ्रिकेत फिंडले आणि सहकाऱ्यांनी नोंदवले की हायड्रोक्विनोनयुक्त क्रीम दीर्घकाळ लावणाऱ्यांच्या चेहऱ्यावर निळसर काळे, खरखरीत चट्टे उमटत आहेत. रंग घालवण्यासाठी लावलेल्या रसायनाने कायमचा रंग दिला. तिथे सौंदर्यप्रसाधनांत हायड्रोक्विनोन वापरण्यावर बंदी आली १९९० मध्ये.

चौथी: भारतात 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली.

या चौघांनी संगनमत केले होते असे मुळीच नाही. पण चारही गोष्टी एकाच गैरसमजाभोवती फिरतात: त्वचेवरची काळी खूण आणि त्वचेचा काळा रंग यांतला भेद पुसला जाणे. एक हा विकाराचा मागमूस आहे, दुसरा माणसाचा वर्ण आहे. पहिल्यावर उपचार असतो. दुसऱ्याला उपचाराची गरज नसते. बाजाराने दोन्ही एकाच ट्यूबमध्ये भरले आणि दोघांना एकच नाव दिले: 'काळपटपणा'. हा शब्द मराठी जाहिरातींनी इतका रुळवला की आता रुग्णही डॉक्टरांना "काळपटपणा आलाय" एवढेच सांगतात. म्हणजे मुरमाचा डाग, इसबाची खूण, वांग, उन्हाने रापणे की जन्मजात वर्ण, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

याची किंमत मोजलेली आहे. देशातील अनेक केंद्रांच्या त्वचारोग विभागांत झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत असल्याचे आढळले. गोरेपणासाठी लावणारे त्यांत होते आणि मुरमांसाठी लावणारेही होते. मुरमांवर स्टिरॉइड! जे औषध स्वतःच मुरूम आणते ते मुरमावर. यामागची यंत्रणा साधी आणि क्रूर आहे. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करते, दाह दाबते, रंगपेशींचे कामही मंदावते. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा खरोखर उजळ आणि नितळ दिसतो. जाहिरात खोटी ठरत नाही, इथेच गोम आहे. पुढे त्वचा पातळ होते, केस उगवतात, मुरूम उसळतात. थांबवले की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आहे, त्याचा अर्थ 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' असा होतो. त्यांच्या पाठपुराव्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या चौदा स्टिरॉइडांना चिठ्ठीविना न विकण्याच्या यादीत घातले. माझ्या विद्यार्थिनीने आपली ट्यूब त्यानंतरच, चिठ्ठीविना विकत घेतली होती. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये उजळपणाच्या क्रीममधील पाऱ्याने मूत्रपिंडे निकामी होऊ लागलेले रुग्ण सापडले. मलम पोटात जात नाही या आपल्या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नसेल.

बाजाराने यावर काय केले? २०२० साली 'फेअर' गेले आणि 'ग्लो' आले. त्याच वर्षी एका प्रसिद्ध विवाहविषयक संकेतस्थळाने त्वचेच्या रंगानुसार स्थळे शोधण्याची सोय काढून टाकली. शब्द बदलण्याला मी तुच्छ लेखत नाही. भाषेच्या शिक्षकाने लेखू नये. पण 'गोरेपणा'च्या जागी 'तेज', 'निखार', 'नितळपणा' आले तेव्हा डागाची अडचण वाढली, कमी झाली नाही. 'गोरे व्हा' हे निदान उघड होते आणि त्याला विरोध करता येत होता. 'नितळ व्हा' याला विरोध कसा करणार? नितळ व्हावेसे तर मुरमांनी त्रासलेल्या प्रत्येकाला वाटते.

आणि इथे माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या 'स्वीकारा'कडे परत येतो.

'जसे आहात तसे सुंदर आहात' हा संदेश रंगाच्या बाबतीत योग्य आहे आणि त्यासाठी ज्यांनी चळवळ केली त्यांचा मला आदर आहे. परंतु तोच संदेश विकाराच्या खुणेला लावणे ही बौद्धिक आळशीपणाची खूण आहे. इसबाने कोपराच्या खोबणीत, मानेवर, पायांवर काळवंडलेल्या जागा ज्याच्या अंगावर आहेत त्याला बसमध्ये शेजारचा माणूस सरकून बसतो. त्याला वाटते रोग लागेल. इसब लागत नाही. मुलगी बघायला आलेली मंडळी डागाचे कारण विचारत नाहीत, अर्थ लावून मोकळी होतात. अशा माणसाला 'मनाचे सौंदर्य' सांगणे म्हणजे त्याच्या तक्रारीचे उत्तर न देता तक्रार करणाऱ्याचीच पातळी काढणे होय. दात किडला तर आपण कोणाला स्वीकार शिकवत नाही. मोडलेल्या हाडाच्या बाबतीत भांडवलशाहीचे विवेचन करत नाही. त्वचेचे दुखणे तेवढे 'वरवरचे' ठरते, कारण 'वरवरचा' हा शब्दच आपण निंदेसाठी राखून ठेवला आहे.

कोणी म्हणेल, डाग घालवण्याची इच्छा आणि गोरे होण्याची इच्छा यांत प्रत्यक्षात सीमारेषा नसतेच. दोन्ही त्याच समाजाने घडवलेल्या इच्छा आहेत. आक्षेपात तथ्य आहे. माझ्या विद्यार्थिनीलाही डाग जावेत आणि जमले तर रंगही उजळावा असे वाटत असणार. पण इच्छा एकमेकींत मिसळलेल्या आहेत म्हणून वस्तूही एकच ठरत नाहीत. उलट, इच्छा मिसळलेल्या असतात तेव्हाच शब्द वेगळे ठेवण्याची जबाबदारी वाढते. समीक्षेत आपण आशय आणि अभिव्यक्ती, लेखक आणि निवेदक यांतले भेद डोळ्यांत तेल घालून जपतो. डाग आणि वर्ण यांतला भेद जपायला त्याहून सूक्ष्म बुद्धी लागत नाही.

शिवाय 'स्वीकारा' म्हणणाऱ्याने निर्माण केलेल्या पोकळीत कोण शिरतो ते पाहावे. ज्या मुलीला शिक्षक सांगतात की असा प्रश्न पडणेच उथळपणाचे, ती पुन्हा शिक्षकाकडे येत नाही. ती काउंटरवर जाते. तिथला माणूस तिला उथळ म्हणत नाही.

मग योग्य मार्ग कोणता, हे त्वचारोगतज्ज्ञ सांगतील आणि तेच सांगू शकतात. पण त्याची रूपरेषा गुप्त विद्या नाही. आधी मूळ दाह आटोक्यात आणायचा. मुरूम येतच असतील तर जुन्या डागांवर केलेला खर्च वाया जातो. मुरूम फोडायचा नाही. उन्हापासून संरक्षण रोज करायचे. सावळ्या त्वचेत नुसता दृश्य प्रकाशही डाग गडद करतो आणि साध्या सनस्क्रीनने तो अडत नाही. आयर्न ऑक्साइड असलेली, त्वचेच्या रंगाची छटा असलेली सनस्क्रीन तो बऱ्याच अंशी अडवते. अॅझेलेइक आम्ल, नियासिनामाइड, ट्रेटिनॉइनसारखी रेटिनॉइडे, मर्यादित काळासाठी हायड्रोक्विनोन, ही औषधे डॉक्टर निवडतात. सोलवटणारी रसायने आणि लेझर सावळ्या त्वचेवर बेताने वापरले नाहीत तर नवे डाग पाडतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक दाखवणाऱ्या ट्यूबकडे संशयानेच पाहावे.

इसबाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि म्हणून नेमक्या भाषेची गरज तिथे अधिक. चेतलेल्या इसबावर, योग्य तीव्रतेचे, योग्य दिवसांपुरते स्टिरॉइड हेच अनेकदा योग्य औषध असते. इसब शमल्यावर मागे उरलेल्या काळ्या खुणेवर मात्र ते लावत राहण्यात अर्थ नसतो. एकाच त्वचेवर, एकाच जागी, आज जे औषध आहे ते महिन्याभराने अपाय ठरते. 'स्टिरॉइड वाईट' एवढेच ऐकलेला रुग्ण इसबावरचे औषध टाकून देतो आणि दाह वाढवून घेतो. 'मलम चांगले' एवढेच ऐकलेला ते वर्षभर लावतो. त्यात इसब आणि गजकर्ण यांना लोक एकच समजतात. गजकर्णावर स्टिरॉइडचे मिश्रण चोळले की खाज थांबते आणि बुरशी पसरते. तीन विकार, तीन वेगळ्या वाटा, आणि बोलीत उरलेला एकच शब्द: 'इन्फेक्शन'.

जिथे मराठी मजकूर मिळतो तिथे तो कसा असतो? बहुतेक भाषांतरित. 'इसबात त्वचा लाल होते' हे वाक्य मराठी आरोग्य सदरांत असंख्य वेळा वाचले असेल. ते गोऱ्या त्वचेचे वर्णन आहे. आपल्याकडच्या बहुतेक त्वचांवर तो दाह जांभळट, तपकिरी, राखी दिसतो. लाल होण्याची वाट पाहणाऱ्या आईला मुलाचे इसब ओळखताच येत नाही. लंडनमध्ये माल्लोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने २०२० साली सहकाऱ्यांसह काळ्या-तपकिरी त्वचेवरची लक्षणे दाखवणारी पुस्तिका काढली, कारण त्यांच्या पाठ्यपुस्तकांत ती नव्हती. आपण मराठीत तीच चूक भाषांतराने आयात केली. सावळा, काळासावळा, निमगोरा, गव्हाळ, करडा, राखी, तांबूस, काळसर, जांभळट इतक्या छटा मोजणाऱ्या भाषेत त्वचेचा दाह 'लाल'च असतो, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

शेवटी स्वतःविषयी. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत व्यावहारिक किंवा उपयोजित मराठी हा घटक असतो आणि त्यात जाहिरातलेखन हा हमखास प्रश्न. प्राध्यापकीच्या पहिल्या काही वर्षांत 'चेहऱ्याचे डाग घालवणाऱ्या क्रीमची आकर्षक जाहिरात तयार करा' हा प्रश्न मी स्वतः सरावासाठी दिलेला आहे. मुलांनी सुरेख यमके जुळवली होती. 'सात दिवसांत' हा शब्दप्रयोग बहुतेकांच्या उत्तरात होता, आणि मी त्याला गुण दिले होते. औषधाच्या वेष्टनावरचा इशारा मराठीत लिहा, असा प्रश्न मी कधीही दिला नाही. कोणी दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून मागणी नेमकी आहे. उपयोजित मराठीच्या तासाला एक वर्ष जाहिरात बाजूला ठेवावी. विद्यार्थ्यांना घरात असलेल्या मलमांच्या ट्यूब आणायला सांगाव्यात, आणि जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला बोलावून प्रत्येक ट्यूबसाठी पाच ओळींचे मराठी लिहून घ्यावे: हे काय आहे, कशासाठी आहे, कशासाठी नाही, किती दिवस, कधी थांबायचे. 'काळपटपणा' हा शब्द वर्ज्य. 'मलम'च्या पुढे 'औषध' लिहिणे बंधनकारक. असे गद्य लिहिणे ललित निबंधाहून सोपे नाही, हे पहिल्याच तासाला कळेल.

ती विद्यार्थिनी आता तृतीय वर्षाची परीक्षा देऊन गेली. स्टिरॉइड सुटायला आठ महिने लागले. त्या काळात ती बरेच तास बुडली आणि मी हजेरीचा नियम तिच्यापुरता वाकवला. मुरमाचे जुने डाग पुष्कळ फिके झाले आहेत, गालांवरचे रक्तवाहिन्यांचे जाळे मात्र अजून दिसते. ते कदाचित राहील. ज्येष्ठ सहकारी यंदा निवृत्त झाले. त्यांना हा लेख पाठवला आहे. त्यांचा आणि इतरांचाही प्रतिवाद यावा.